बॉनेटवरचा डबा

जुन्या लाल गाडीत ड्रायव्हरच्या डाव्या हाताला इंजिनावरचं मोठं झाकण असतं, त्याला आम्ही बॉनेट म्हणतो. उन्हाळ्यात ते असं तापतं की चुकून हात टेकला तर माणूस उभ्या जागी नाचतो. म्हणून त्यावर गोणपाटाची घडी टाकलेली असते, आणि त्या घडीवर जगातलं काहीही प्रवास करतं: कुणाची कोथिंबिरीची जुडी, कुणाची पाय बांधलेली कोंबडी, कुणाच्या आहेराच्या साड्या. गेल्या उन्हाळ्यात तीन महिने तिथे आमचं स्वयंपाकघर होतं. पारनेर ते कोपरगाव या वाटेवर आम्ही त्या बॉनेटवर दही लावलं, मटकीला मोड आणले, भाकऱ्या गरम ठेवल्या आणि एकदा बॉम्बसुद्धा फोडला. बॉम्बचं सांगतेच, पण आधी मामांचं सांगायला हवं, कारण हा सगळा खटाटोप त्यांच्या स्टेअरिंगसाठी चालला होता.

मामा म्हणजे माझे ड्रायव्हर. नात्याने माझे कुणी नाहीत. आमच्या डेपोत वयाने मोठ्या ड्रायव्हरला मामा म्हणतात आणि कंडक्टरला मास्तर, मग ती माझ्यासारखी वेणी घातलेली बाई का असेना. मी गाडीत चढले की मामा विचारतात, "मास्तर, सोडायची का?" आणि मी दोनदा घंटी मारते. कित्येक वर्षं आमचं एवढ्याच बोलण्यावर उत्तम चाललं होतं. म्हणजे त्यांचं बोलणं एवढंच. माझं तोंड दिवसभर बंद नसतं. मी भाळवणीत थांबा पुकारला की टाकळीतली माणसं पिशव्या उचलतात, असं आमचे रोजचे प्रवासी म्हणतात आणि मला त्याचा अभिमानच वाटतो.

मामा गोदावरीकाठचे, कोपरगावकडच्या उसातले. नोकरीसाठी पारनेरला आले आणि स्टँडमागच्या भाड्याच्या खोलीत राहिले. दोन वर्षांपूर्वी मामी गेल्या. दोघी मुली आपापल्या सासरी. तेव्हापासून त्या खोलीतला गॅस पेटलेला नव्हता. सकाळी स्टँडवरचा वडापाव, रात्री कोपऱ्यावरची खानावळ आणि दुपारी थांब्यावरचं हॉटेल, असा त्यांचा दिवस.

थांब्यावरच्या हॉटेलाची एक रीत आहे. लांबची गाडी जिथे जेवायला थांबते तिथे ड्रायव्हर-कंडक्टरचं जेवण फुकट असतं. चाळीस प्रवासी आणून सोडल्याचा तो मान. आमचं हॉटेल नगर सोडून राहुरीच्या वाटेवर आहे. प्रवासी बाहेर भज्यांसाठी ढकलाढकली करत असतात तेव्हा आम्हाला आतल्या पडद्याआड बसवून शेठ स्वतः वाढतात. लालभडक तर्री, तिच्यात बुडालेलं पनीर, मैद्याची रोटी, वर लोणी, शेवटी दोन गुलाबजाम. पैसे विचारले तर शेठ दुखावतात. मामांनी वर्षानुवर्षं ते मुकाट्याने खाल्लं. मीही खाल्लं. फुकटचं आहे म्हटल्यावर बचतच होतेय असं आम्ही दोघं समजत होतो.

मग गेल्या वर्षी फेब्रुवारीत डेपोत ड्रायव्हरांची तपासणी झाली आणि मामांची साखर भलतीच वर निघाली. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, चालायला सांगितलं, खाणं बदलायला सांगितलं आणि तीन महिन्यांनी परत या म्हणाले. तोवर खाली आली नाही तर गाडी चालवायला देता येणार नाही, बसून करायचं काम घ्यावं लागेल, हेही सांगितलं. बसून करायचं काम म्हणजे डेपोच्या फाटकाशी खुर्ची टाकून आत-बाहेर जाणाऱ्या गाड्यांचे नंबर वहीत लिहायचे.

त्या दिवशी मामांनी कोपरगावपर्यंत एकदाही हॉर्न वाजवला नाही. एक म्हैस रस्त्यात आडवी उभी राहिली तर तिच्यामागे शांतपणे थांबून राहिले. परतीच्या वाटेवर, गाडी रिकामी होती तेव्हा, ते आपणहून बोलले.

"मास्तर, तीस वर्सं गाडी हाकली. आता दुसऱ्याच्या गाड्या मोजत बसू का? आन संध्याकाळी घरी जाऊन करू काय? घरी कोन हाय?"

मी बॅगेतली चिल्लर उगाचच दोनदा मोजली. पण मला दुःख फार वेळ धरून ठेवता येत नाही, त्याचा लगेच राग होतो. नगर येईपर्यंत मला मामांचा राग आला होता, शेठचा आला होता, पनीरचा तर फारच आला होता. घरी पोचल्या पोचल्या मी सासूबाईंना सांगितलं की उद्यापासून डबा दोघांचा न्यायचा, आणि त्यात तेलाचा तवंग दिसला तर माझ्याशी गाठ आहे. सासूबाई म्हणाल्या की तवंग काढायला आधी तेल लागतं, ते आपल्या घरात कधी एवढं होतं. हे खरं होतं. आम्ही पारनेरच्या जिरायतीतली माणसं. ज्वारी, बाजरी, हुलगे, मटकी यांवर वाढलेली.

दुसऱ्या दिवशी पडद्याआड मी डबा उघडला. ज्वारीची भाकरी, लसूण घालून परतलेली मेथी, हुलग्याचं पिठलं, कच्चा कांदा. मामांनी पिठल्याकडे पाहिलं आणि मला विचारलं की हे काय आहे. मी सांगितलं. ते म्हणाले, "आमच्याकडं हुलगे बैलाला घालत्यात."

मी म्हणाले, बैलाची साखर कधी वाढलेली ऐकलीय का. मामा हसले. किती महिन्यांनी हसले देव जाणे. एक घास खाल्ला, मग दुसरा खाल्ला, मग कांदा बुक्कीने फोडला. बुक्कीने कांदा फोडणारा माणूस जेवायला बसला असं मी समजते.

पण शेठ आले आणि त्यांचा चेहरा उतरला. आमच्या स्वयंपाकात काय कमी पडलं, पलीकडच्या हॉटेलवाल्याने काही जास्त देऊ केलंय का, गाडी आता तिकडे थांबणार का, एकामागून एक विचारत सुटले. मी किती समजावलं तरी त्यांना वाटेना की ही माणसं फक्त भाकरीसाठी भाकरी खातायत. शेवटी माणुसकी म्हणून मी त्यांचं एक ताट घेतलं. दोघांतल्या एकाने तरी मान राखायला हवा ना. मी स्वतःला असं समजावलं की मामांच्या स्टेअरिंगसाठी हा त्याग मी करते आहे. पनीर त्या दिवशी छान झालं होतं.

असा आमचा नवा संसार सुरू झाला. मामा पडद्याआड मेथी-भाकरी खायचे आणि मी समोर बसून गुलाबजाम खाता खाता त्यांना गोड किती वाईट असतं ते सांगायची. माझ्या वाट्याच्या भाकऱ्या प्रवाशांत वाटल्या जायच्या. डबा रिकामा घरी जायचा आणि सासूबाई खूश व्हायच्या.

बॉनेटचा शोध अपघाताने लागला. एके दिवशी डबा ठेवायला जागा नव्हती म्हणून तो गोणपाटावर ठेवला आणि थांब्यावर उघडला तर भाकऱ्या तव्यावरून काढल्यासारख्या गरम. मला चेवच चढला. दुसऱ्या दिवशी भिजवलेली मटकी फडक्यात बांधून बॉनेटच्या कडेला टांगली. संध्याकाळी पारनेरला परत आलो तर बोटभर मोड आलेले. मग कोमट दुधात विरजण घालून किटली ठेवली. कोपरगावला दही तयार. जाताना लागलेलं ते दही येताना खड्ड्यांनी घुसळून दिलं, आणि भाळवणीला मी प्रवाशांना फुकट ताक पाजलं. पुढे पुढे आम्हाला अंदाजच आला. नगर-राहुरीच्या मधे काम चाललं असलं की ताक, रस्ता बरा असला की दही. मामा कॅबिनमधून ओरडून विचारायचे की आज काय हवंय, त्या हिशेबाने खड्डे चुकवतो.

मामा ओरडून विचारायचे, हे मी पुन्हा लिहिते, कारण ते मला अजून खरं वाटत नाही. महिन्यापूर्वी म्हशीला हॉर्न न देणारा माणूस ताकासाठी ओरडत होता. सकाळी लवकर उठून स्टँडभोवती चकरा मारायला लागले होते. गोळ्या वेळेवर घेत होते. मला इतका आनंद झाला होता की मी तिकिटाच्या मशीनवर बोटं नाचवत गाणी म्हणायची. शाळेला जाणाऱ्या एका मास्तरीणबाईंनी मला विचारलं की घरी काही मंगलकार्य आहे का.

आणि मग बॉम्ब फुटला.

एप्रिलचा दिवस होता. ऊन मी म्हणत होतं. मामांना पोटाला थंड म्हणून मी आंबील करायचं ठरवलं. ज्वारीचं पीठ ताकात कालवून रात्रभर आंबवायचं, मग शिजवून, जिरं-लसूण घालून प्यायचं. सासूबाई शेजारच्या गावी गेल्या होत्या, तेव्हा विचारायला कुणी नव्हतं, आणि मला विचारायची फारशी सवयही नाही. सकाळी उशीर झाला. मी आंबील अर्धवटच शिजवली, पातळ व्हावी म्हणून वर आंबट ताक ओतलं, स्टीलच्या बाटलीत काठोकाठ भरली, फिरकीचं झाकण सगळा जोर लावून आवळलं आणि बाटली बॉनेटवर आडवी ठेवली.

नगर मागे पडलं तेव्हा बाटलीतून बारीक शीळ येत होती. मला वाटलं कुणाचा मोबाईल वाजतोय. एका प्रवाशाला मी तो बंद करायलाही सांगितलं. पुढच्या मिनिटाला असा धडाका झाला की माझ्या हातातलं मशीन उडालं. झाकण छताला आपटून मागच्या बाकापर्यंत गेलं. "टायर फुटला, टायर फुटला" असा गलका झाला. मामांनी तीस वर्षांच्या सवयीने गाडी जराही न हलवता डावीकडे घेतली आणि थांबवली. समोरची काच पांढरी झाली होती. त्यांनी वायपर चालू केले. वायपर बाहेरून इमानदारीने फिरत राहिले आणि आंबील आतून हळूहळू खाली उतरत राहिली.

सगळे प्रवासी खाली उतरले आणि टायर तपासू लागले. सहाच्या सहा टायर धडधाकट. मग दोघा-तिघांनी गाडीखाली वाकून पाहिलं. मला सगळं कळलं होतं, पण हसू असं आलं होतं की तोंडातून शब्द फुटेना, मी दारात दांड्याला धरून नुसती हलत होते. मामा सीटवर तसेच बसून होते. त्यांच्या टोपीवरून, मिशीवरून आंबील ठिबकत होती. त्यांनी मिशीवर जीभ फिरवली. मग मागच्या बाकावरची एक म्हातारी उठली, पुढे आली, काचेवर बोट फिरवून तोंडात घातलं आणि म्हणाली, "मीठ कमी पडलंय, बाई."

पुढे कोपरगावपर्यंत आणि तिथून पारनेरला परतेपर्यंत मामा मधेमधे हसत होते. मला गाडी पुसायला पाऊण तास लागला. सासूबाई परत आल्यावर मी सगळं सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. आंबलेलं कधी कोंडून ठेवत नाहीत, तोंडाला फडकं बांधतात, एवढंही तुला ठाऊक नाही, आणि तू त्या माणसाला काय खावं ते शिकवतेस. मला जरा झोंबलं. मग त्या म्हणाल्या की ज्याच्या मिशीला माझ्या घरची आंबील लागली तो माणूस मला बघायचाय, येत्या रविवारी त्याच्या खोलीवर जाऊ. किती दिवस तू डबे नेशील, त्यालाच शिकवू.

मामांना मी आदल्या दिवशी सांगितलं तेव्हा ते गडबडले. नको म्हणाले. खोली नीट नाही म्हणाले. पण आम्ही गेलो तर खोली लख्ख होती. ओट्यावर सगळं जिथल्या तिथे, फक्त कशाला हात लागलेला दिसत नव्हता. मिठाच्या बरणीत मिठाचा दगड झाला होता. फळीवर मधोमध एक चार पुडांचा स्टीलचा डबा होता, वर धूळ बसलेली. मला तो नेमका हवा तसा वाटला. मामांना रोज न्यायला हा चांगला, म्हणत मी तो काढायला हात वर केला.

"त्यो राहू द्या, मास्तर," मामा म्हणाले.

मी हात खाली घेतला. तेवढ्यात मला दिसलं होतं की झाकणावर मामींचं नाव कोरलेलं आहे, भांड्यांवर कोरतात तसं. सासूबाईंनी लगेच पिठाचा विषय काढला आणि त्यांना परातीसमोर बसवलं.

मामांचे हात मोठे. पहिली भाकरी तळहाताखाली फिरवताना तिचा जो आकार झाला त्याला नाव नव्हतं. दुसरी मधेच फाटली. सासूबाई सांगत होत्या की दाबू नका, हात ढिला सोडा, ती आपोआप फिरते. तिसऱ्या भाकरीला मामा एकदम थांबले आणि म्हणाले, "म्हंजी ष्टेरिंगवानीच की. म्या उगाच घाबरत हुतो." आणि खरंच, चौथी गोल झाली, तव्यावर पडली, पाणी फिरवलं, उलटली आणि आचेवर फुगली. ती फुगलेली बघून साठीकडे झुकलेला तो माणूस दोन्ही हात मांडीवर आपटून हसला. सासूबाईंनी पदराने तोंड झाकून घेतलं. मी टाळ्या वाजवल्या, त्या शेजारच्या खोलीत ऐकू गेल्या आणि तिथली बाई दारात येऊन उभी राहिली. तिलाही अर्धी भाकरी मिळाली.

नंतर त्यांना थांबवणं मुश्किल झालं. पंधरा दिवसांत ते पिठलं करू लागले, महिन्यात शेंगोळे. शेंगोळे म्हणजे हुलग्याच्या पिठाचे बोटभर वेटोळे, लसणाच्या तिखट पाण्यात उकळलेले. मामांचे वेटोळे एकाच मापाचे असायचे, जणू कुणी वर्कशॉपातून काढून दिलेत. फुकटचं जेवण सोडलं तरी महिनाअखेरीला खिसा जड लागतो, याचं त्यांना नवल वाटू लागलं. रात्रीची खानावळ बंद झाली होती, स्टँडवरचे वडापाव आणि दिवसातून सहा वेळचा साखरेचा चहा बंद झाला होता. त्या पैशांतून त्यांनी लोखंडी तवा घेतला, लाकडी काठवट घेतली आणि वर्षाची ज्वारी भरली. ज्वारी घेतली त्या दिवशी पोतं गाडीतूनच आणलं आणि वाटेत दोघा प्रवाशांना उघडून दाखवलं. दाणा बघा कसा मोत्यासारखा आहे, म्हणत होते. उसातला माणूस ज्वारीचं कौतुक करतोय हे ऐकून मी त्या पोत्याचं लगेजचं तिकीट फाडायला विसरले, आणि मामांनीच मला आठवण करून ते काढायला लावलं.

आता ते मला सकाळी विचारायचे की मास्तर, तुमच्या डब्यात काय. मी काहीतरी सांगायची. दुपारी पडद्याआड त्यांचा डबा त्यांच्यापुढे आणि शेठचं ताट माझ्यापुढे. मामा कधी कधी त्या ताटाकडे बघायचे, मग माझ्याकडे बघायचे. मी म्हणायची की शेठना वाईट वाटेल हो. ते आपल्या भाकरीचा पुढचा तुकडा मोडायचे.

मेअखेरीस तपासणीचा दिवस आला. या खेपेला शिबिरच होतं, ड्रायव्हर-कंडक्टर सगळ्यांचं. मला स्वतःची काही काळजी नव्हती. मी रांगेत उभी होते ती मामांसाठी. रात्रभर मला धड झोप नव्हती. खुर्चीवरचे मामा, हातात वही, समोरून आमची गाडी दुसऱ्याच कुणाच्या हातात फाटकातून बाहेर पडतेय, असं सारखं दिसत होतं. मामा मात्र इस्त्रीची खाकी घालून शांत होते. दुपारी कागद हातात आले. डॉक्टरांनी मामांचा कागद वाचला, जुना काढून शेजारी ठेवला, पुन्हा वाचला आणि विचारलं की काय केलंत. साखर चांगली खाली आली होती. गोळ्या चालूच ठेवा, खाणं असंच ठेवा, गाडी चालवा, असं ते म्हणाले.

मी डॉक्टरांच्या टेबलासमोरच ओरडले. डेपोतल्या गाड्यांखालून मेकॅनिक बाहेर आले. मी सगळ्यांना सांगत सुटले, हुलगे, शेंगोळे, आंबील, सगळं. मामा भिंतीशी उभे राहून डोळे पुसत होते आणि हसत होते, दोन्ही एकदम. डॉक्टर माझं आटपायची वाट बघत होते. मग त्यांनी माझं नाव विचारलं आणि म्हणाले की बाई, हा दुसरा कागद तुमचा आहे.

माझी साखर काठावर होती. रक्तातली चरबी काठ ओलांडून पलीकडे. डॉक्टर मला समजावू लागले की तेलकट कमी करा, मैदा टाळा, गोड तर बंदच, घरचं साधं जेवण सगळ्यात चांगलं. हे सगळं मी तीन महिने गुलाबजाम हातात धरून मामांना याच शब्दांत सांगितलं होतं. मामा दोन हातांच्या अंतरावर उभे होते आणि त्यांनी सगळं ऐकलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी कागदाची घडी करून बॅगेत, तिकिटांच्या मशीनखाली ठेवली आणि मामांकडे न बघता घरी गेले. त्यांना आनंद व्हायच्या दिवशी मी त्यांच्यासमोर अशी उघडी पडले, याची लाज वाटत होती. आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटत होती.

दुसऱ्या दिवशी मी जरा उशिरा डेपोत पोचले. मामा सीटवर बसले होते. सोडायची का म्हणाले. मी घंटी मारली. नगरपर्यंत मी फक्त तिकिटं फाडली. बॉनेटवर गोणपाटाखाली काहीतरी झाकलेलं होतं, ते मी बघितलं नाही.

हॉटेल आलं. पडद्याआड शेठनी माझं ताट आणलं. मामांनी त्यांना हात करून थांबवलं, बाजूला नेलं आणि काहीतरी सांगितलं. काय ते मला ऐकू आलं नाही, पण शेठ ताट घेऊन परत गेले आणि येताना दोन कांदे घेऊन आले. तोवर मामा गाडीत जाऊन आले होते. त्यांनी माझ्यापुढे चार पुडांचा डबा ठेवला. घासून घासून असा चकचकीत केला होता की पडद्याचा लाल रंग त्यात दिसत होता. झाकणावर मामींचं नाव.

मी उघडला. एका पुडात भाकऱ्या, एकात मोडाची मटकी, एकात मेथी, एकात एकसारखे शेंगोळे.

"पहाटं उठून केलं," मामा म्हणाले. "तुमच्या मामी असत्या तर तुमच्यावानीच वरडल्या असत्या. म्या काय वरडत न्हाई, मास्तर. पर आता रोज ह्याच्यातनं खायचं."

मी मान खाली घालून खाल्लं. भाकरी बॉनेटवर राहून गरम होती आणि कडेला जराशी करपली होती. मटकीत मीठ बरोबर होतं. मामा समोर बसून आपला डबा खात होते, आणि एकदा त्यांनी आपल्यातली अर्धी भाकरी काढून माझ्या पुडात ठेवली. मला खूप बोलायचं होतं. मी त्यांना आवाज कमावलेली बाई म्हणून ठाऊक होते, पण तोंड उघडलं तर रडू येईल असं वाटत होतं, म्हणून मी शेंगोळे खात राहिले.

मग आम्ही निघालो. मी डबा धुऊन पुन्हा बॉनेटवर ठेवला, घंटी मारली आणि मशीन हातात घेऊन दाराशी उभी राहिले. त्या दिवशी राहुरीचा थांबा मी पुकारला नाही. प्रवाशांनीच मला सांगितलं की बाई, राहुरी आली.